यादीत नाव नसलेली चिप डीबगरला जोडताना

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत पंपाच्या ऑटो-स्टार्टरचा, ठिबकच्या टायमरचा नाहीतर द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राचा बोर्ड दुरुस्तीला किंवा नव्या फर्मवेअरसाठी टेबलावर येतो. झाकण काढल्यावर एसटी कंपनीच्या ओळखीच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या जागी वेगळीच चिप दिसते. २०२१ च्या चिपटंचाईनंतर मिळेल ती चिप बसवायची वेळ अनेक उत्पादकांवर आली, त्यामुळे हे आता नेहमीचे झाले आहे. डीबगरचे (चिपमधला प्रोग्राम थांबवून तपासायच्या आणि नवा भरायच्या उपकरणाचे) सॉफ्टवेअर उघडावे, तर चिपच्या यादीत तिचे नाव नसते. अशा वेळी बहुतेक जण त्यातल्या त्यात जवळचे नाव निवडून पुढे जातात. हे करू नये. का करू नये आणि त्याऐवजी काय करावे, ते या लेखात सांगितले आहे.

मूळ गोष्ट एवढीच आहे. एसटीएम३२ आणि तिच्यासारख्या चिपा कॉर्टेक्स-एम जातीच्या असतात. अशा चिपचे दोन भाग वेगळे धरायचे. गाभा, म्हणजे सूचना चालवणारा प्रोसेसर, आर्म कंपनीच्या रचनेचा असतो. त्याची डीबग रजिस्टरे सगळ्या कंपन्यांच्या चिपमध्ये त्याच पत्त्यांवर असतात. थांबवणे, पुढे सोडणे, रॅम वाचणे-लिहिणे, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरावीक जागी थांबवणारी खूण) लावणे यांपैकी कशालाच चिपचे नाव लागत नाही. नाव लागते ते फ्लॅश (प्रोग्राम साठवणारी मेमरी) पुसायला आणि लिहायला, कारण फ्लॅशचा कंट्रोलर चिप बनवणाऱ्याचा असतो. म्हणून आधी नुसता गाभा जोडायचा, तो पक्का झाला की मगच फ्लॅशला हात घालायचा. दोन्ही एकदम करायला गेले की चूक कुठे आहे ते कळत नाही.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. इथे आज्ञा आणि पत्ते देवनागरीत दिले आहेत. संगणकावर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. सर्व पत्ते हेक्स आहेत आणि टाइप करताना त्यांच्या आधी ‘०एक्स’ लावायचा.

आधी वीज, मग वायर

शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वस्त बोर्डांवर ट्रान्सफॉर्मर नसतो. मेन्सच्या तोंडाशी ४७४ किंवा १०५ लिहिलेला मोठा चौकोनी एक्स२ कपॅसिटर दिसला, तर तो कपॅसिटर-ड्रॉपर पुरवठा आहे असे धरा. अशा बोर्डाचा ‘ग्राउंड’ थेट फेजशी जोडलेला असू शकतो. त्याला डीबगर लावला, की फेज यूएसबीतून लॅपटॉपवर येतो. लॅपटॉप चार्जरवर असेल आणि चार्जरला अर्थिंग असेल, तर प्रोब (म्हणजे डीबगर), पोर्ट आणि बोर्ड तिन्ही क्षणात जळतात. चार्जर काढला तरी धोका जात नाही, कारण मग लॅपटॉपचे धातूचे भाग फेजवर राहतात.

म्हणून तिन्ही फेज सोडवा, बोर्ड पेटीतून बाहेर काढा, कपॅसिटर उतरले का ते मीटरने पाहा. मग बोर्डला टेबलावरच्या सप्लायमधून वीज द्या. रेग्युलेटर ३.३ व्होल्टचा असेल, तर त्याच्या इनपुटला ५ व्होल्ट द्या आणि करंटची मर्यादा १०० मिलिअ‍ॅम्पिअरवर ठेवा. चिप आणि एखादा एलईडी एवढ्यावर सहज चालतात. मर्यादा लागली तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत डीबगर लावू नका. मेन्सवर चालू असताना डीबग करणे खरोखरच अटळ असेल, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा. नुसत्या यूएसबी आयसोलेटरने लॅपटॉप वाचतो, पण प्रोब फेजवरच राहतो आणि तुमचा हात प्रोबवर असतो.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वायरही काढून ठेवा. गाभा थांबवला की पिना ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत राहतात. रिले लागलेला असताना ब्रेकपॉइंट आला, तर रिले लागलेलाच राहतो आणि ड्राय-रन किंवा सिंगल-फेजिंगचे संरक्षण करणारा कोड चालत नाही. मोटर जोडलेली असेल तर ती तशीच फिरत राहील.

आता चिपच्या व्हीडीडी पिनवर मीटर लावा. ३.३ व्होल्ट असतीलच असे गृहीत धरू नका. पूया कंपनीची पीवाय३२एफ०३० सारखी चिप १.७ ते ५.५ व्होल्टवर चालते, त्यामुळे काही बोर्डांवर तिला सरळ ५ व्होल्टच दिलेले असतात. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डाचा प्रोब केला असेल, तर त्याच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. अशा बोर्डवर डीबगपुरता चिपचा पुरवठा ३.३ व्होल्टवर आणा, नाहीतर मध्ये लेव्हल शिफ्टर घाला.

वायरी

लागतात त्या वायरी चारच: एसडब्ल्यूडी या डीबग जोडणीच्या एसडब्ल्यूडीआयओ (डेटा) आणि एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक), शिवाय ग्राउंड आणि रिसेट. एसटीएम३२ मध्ये आणि तिच्या धर्तीवर बनवलेल्या बऱ्याच चिपांत पहिल्या दोन पिना पीए१३ आणि पीए१४ असतात. पाचवी वायर व्होल्टेजच्या संदर्भाची. इथे घोळ होतो. जे-लिंक प्रोबची ही पिन बोर्डचा व्होल्टेज ‘पाहते’, ती वीज देत नाही. काडीसारख्या स्वस्त एसटी-लिंक प्रोबवरची ३.३ व्होल्टची पिन मात्र वीज ‘देते’. बोर्डला सप्लाय चालू असताना ती जोडली, तर दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात. बोर्ड स्वतःच्या विजेवर असेल तर ती पिन मोकळी सोडा.

वायरी १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि ग्राउंडची वायर क्लॉकच्या वायरीला चिकटून न्या. बागेत राहिलेल्या बोर्डवर पॅड हिरवे-पांढरे पडलेले असतात. तासगाव भागात बोर्डोच्या फवाऱ्यातले मोरचूद पेटीच्या फटींतून आत जाते आणि तांब्याच्या पॅडवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पॅड स्वच्छ करा, ताजे टिन लावा, मग वायर सोल्डर करा. अशा पॅडवर पोगो-पिन (स्प्रिंगवर टेकणारी पिन) दाबून धरली, तर एकदा जोडणी होते आणि पुढच्या वेळी होत नाही. मग दोष कॉन्फिगरेशनमध्ये शोधण्यात तास जातो.

प्रोब कोणता घ्यावा? एसटी सोडून दुसऱ्या कंपनीच्या चिपसाठी सीएमसिस-डॅप (आर्मची खुली डीबग पद्धत) जातीचा प्रोब घ्या. पिकोवर ‘डीबगप्रोब’ फर्मवेअर टाकले की तो तयार होतो. जीपी२ क्लॉक, जीपी३ डेटा, शिवाय जीपी४-जीपी५ वर सीरियल पोर्टही मिळतो. स्वस्त एसटी-लिंक ओपनओसीडी या मोफत डीबग सॉफ्टवेअरबरोबर चालतो, पण काही काड्यांवरची ‘आरएसटी’ पिन एसटीच्याच एसटीएम८ चिपांसाठी असते आणि एसडब्ल्यूडीच्या वेळी हलतच नाही. रिसेट धरून जोडणी करायची वेळ आली की हे लक्षात येते.

चिपलाच विचारा

पहिल्या जोडणीला लागणारी ओपनओसीडीची फाइल सात-आठ ओळींची आहे. चिपला इथे ‘पंप’ असे मनाचे नाव दिले आहे.

सोर्स [फाइंड इंटरफेस/सीएमसिस-डॅप.सीएफजी]
ट्रान्सपोर्ट सिलेक्ट एसडब्ल्यूडी
अ‍ॅडॅप्टर स्पीड १००
एसडब्ल्यूडी न्यूडॅप पंप सीपीयू
डॅप क्रिएट पंप.डॅप -चेन-पोझिशन पंप.सीपीयू
टार्गेट क्रिएट पंप.कोअर कॉर्टेक्स_एम -डॅप पंप.डॅप
कॉर्टेक्स_एम रिसेट_कॉन्फिग सिसरिसेटरेक

वेग मुद्दाम १०० किलोहर्ट्झ ठेवला आहे. सगळे चालू झाले की १०००, मग ४००० करून पाहा. ‘अपेक्षित आयडी’ मुद्दाम दिलेला नाही, कारण तोच तर विचारायचा आहे. शेवटच्या ओळीतला सिसरिसेटरेक (चिप रिसेट करायचा प्रकार) महत्त्वाचा आहे. वेक्टरिसेट हा दुसरा प्रकार कॉर्टेक्स-एम० आणि एम०+ गाभ्यांत नाहीच.

ओपनओसीडी चालू केले की डीपी आयडी (डीबग पोर्टचा ओळख क्रमांक) दिसतो. ०बीबी११४७७ म्हणजे एम०. ०बीसी११४७७ म्हणजे एम०+. २बीए०१४७७ एम३ आणि एम४ दोन्हींत दिसतो. अस्सल एसटीएम३२एफ१०३ मात्र १बीए०१४७७ सांगते. तिच्या पिनला पिन जुळणारी सीकेएस३२एफ१०३ चिप २बीए०१४७७ सांगते. एसटीएम३२एफ१ ची तयार फाइल वापरली की ‘अनएक्स्पेक्टेड आयडीकोड’ असा ओरडा येतो तो यामुळेच. त्या एका चिपसाठी उपाय सोपा आहे. तयार फाइल बोलावण्यापूर्वी ‘सेट सीपीयूटॅपआयडी ०एक्स२बीए०१४७७’ ही ओळ टाका (सीपीयूटॅपआयडी हे नाव मात्र रोमन मोठ्या अक्षरांत). पण हा उपाय प्रत्येक चिपला लावायचा नाही. आयडी जुळला म्हणजे फ्लॅशही जुळला असे होत नाही.

आता टेलनेटने ४४४४ पोर्टवर जा, ‘हॉल्ट’ द्या आणि ‘एमडीडब्ल्यू’ या मेमरी वाचायच्या आज्ञेने ई०००ईडी०० हा पत्ता वाचा. हा सीपीयूआयडी, म्हणजे गाभ्याचा ओळख क्रमांक. सुरुवातीचे ४१ म्हणजे आर्म. मधले तीन हेक्स अंक गाभा सांगतात: सी२० एम०, सी६० एम०+, सी२३ एम३, सी२४ एम४, सी२७ एम७, डी२१ एम३३. अस्सल एसटीएम३२एफ१०३ वर ४११एफसी२३१ दिसते, म्हणजे एम३ ची आर१पी१ आवृत्ती. जागा तीच, छापही तोच, पण ४१२एफसी२३१ आले, तर गाभा आर२पी१ आहे आणि चिप दुसऱ्या कोणाची तरी आहे. छाप घासून पुन्हा मारलेल्या चिपा पकडायला यापेक्षा साधी परीक्षा नाही.

‘डॅप इन्फो’ दिले की रॉम टेबल (चिपमधल्या डीबग भागांची यादी) उलगडते आणि त्यात रचनाकाराचा जेडेक क्रमांक (कंपनी ओळखायचा क्रमांक) असतो. तिथे एसटीचे नाव आले तर चिप बहुधा एसटीची. नुसते आर्मचे आले, तर बनवणाऱ्याने स्वतःचा क्रमांक घातलेला नाही, एवढाच निष्कर्ष काढा.

ब्रेकपॉइंट किती ते ई०००२००० वर कळते. बिट ७ ते ४ मधला आकडा म्हणजे कोडचे तुलनाकार, तेवढेच हार्डवेअर ब्रेकपॉइंट लागतात. एम३ आणि एम४ मध्ये बहुधा ६, एम०+ मध्ये जास्तीत जास्त ४. चारच असतील तर ‘पाचवा ब्रेकपॉइंट लागत नाही’ ही तक्रार निरर्थक आहे, हे आधीच कळून जाते.

फ्लॅशची पहिली आठ बाइट

एसटीएम३२ च्या धर्तीच्या चिपांत फ्लॅश ०८०००००० पासून आणि रॅम २००००००० पासून असते. दुसऱ्या घराण्यांत फ्लॅश शून्यापासूनही असू शकते. ०८०००००० वर दोन शब्द (प्रत्येकी ३२ बिट) वाचा. पहिला शब्द स्टॅकचा शेंडा. तो २०००१००० आला, तर फर्मवेअर लिहिणाऱ्याने निदान ४ किलोबाइट रॅम धरली आहे. दुसरा शब्द रिसेट वेक्टर. तो ०८०० ने सुरू होऊन विषम अंकाने संपला पाहिजे, कारण शेवटचा बिट थंब (कॉर्टेक्स-एमची सूचना-पद्धत) स्थिती दाखवतो. दोन्ही शब्द एफएफएफएफएफएफएफएफ असतील तर चिप कोरी आहे. वाचताना चूक येत असेल, पण रॅम मात्र व्यवस्थित वाचता येत असेल, तर वाचन-संरक्षण लावलेले आहे.

संरक्षण लावलेले दिसले की हात मागे घ्या. एसटीएम३२ आणि तिच्या पठडीतल्या चिपांत संरक्षण काढले की पूर्ण फ्लॅश पुसली जाते. ‘अनलॉक’ नावाची आज्ञा निरुपद्रवी वाटते, पण ती चालवल्यावर ग्राहकाचा चालता प्रोग्राम परत येत नाही. नवे फर्मवेअर हातात असेल आणि मालकाची स्पष्ट संमती असेल, तरच पुढे जा.

संरक्षण नसेल तर पहिले काम प्रत काढण्याचे: ‘डंप_इमेज जुने.बिन ०एक्स०८०००००० ०एक्स१००००’. हे ६४ किलोबाइट झाले. दोनदा काढा आणि दोन्ही फाइलींचा हॅश जुळवा. जुळले नाहीत तर वायरी आखूड करा, वेग कमी करा. न जुळणारी प्रत असणे हे प्रत नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विसंबून माणूस पुढे पुसायला धजावतो.

रॅमचा खरा आकार शोधायला २००००००० वर एक ओळखू येईल असा शब्द लिहा. मग २००००८००, २०००१०००, २०००२००० असे वाचत जा. पत्ता हद्दीबाहेर गेला की काही चिपांत फॉल्ट येतो, तर काहींत रॅम पुन्हा पहिल्यापासून दिसते आणि तोच शब्द परत सापडतो. डेटाशीटपेक्षा जास्त मेमरी सापडली तरी ती विक्रीच्या मालात वापरू नका. कारखान्याने तपासल्याचे कुठेही लिहून दिलेले नाही.

फ्लॅशला न शिवता प्रोग्राम चालवून पाहा

पायरी छोटी आहे, पण वगळू नका. इथे सिद्ध होते की गाभा पूर्ण ताब्यात आहे. ‘रिसेट हॉल्ट’ द्या. मग:

एमडब्ल्यूडब्ल्यू ०एक्स२००००००० ०एक्सई७एफडी३००१
रेग आर० ०
रेग एक्सपीएसआर ०एक्स०१००००००
रेग पीसी ०एक्स२०००००००
रिझ्युम

त्या एका शब्दात दोन सूचना आहेत. ३००१ म्हणजे आर० या रजिस्टरमध्ये एक मिळवा, ई७एफडी म्हणजे मागे उडी मारा. सेकंदभराने ‘हॉल्ट’ देऊन आर० पाहा. आकडा मोठा झाला असेल, तर थांबवणे, सोडणे, रॅम, रजिस्टरे सगळे चालते. एक्सपीएसआरची ओळ गाळली आणि चिपचा रिसेट वेक्टर शून्य असला, तर थंब बिट लागत नाही. मग गाभा लगेच फॉल्टमध्ये जातो आणि दोष उगाच वायरीवर येतो. आर० दर वेळी शून्याजवळच सापडत असेल तर हार्डवेअर वॉचडॉग (प्रोग्राम अडकल्यास चिप रिसेट करणारा टायमर) चिप रिसेट करत असण्याची शक्यता आहे.

हे जमले की फाइलीत आणखी एक ओळ घाला: ‘पंप.कोअर कॉन्फिगर -वर्क-एरिया-फिज ०एक्स२००००००० -वर्क-एरिया-साइझ ०एक्स८०० -वर्क-एरिया-बॅकअप १’. ओपनओसीडीला कामापुरती रॅम लागते, ती ही. ४ किलोबाइटच्या चिपमध्ये २ किलोबाइट पुरे. न्यूडॅपच्या ओळीत आता ‘-एक्स्पेक्टेड-आयडी’ घालून सापडलेला क्रमांक लिहून टाका. पुढच्या लॉटमध्ये चिप बदलली, तर पहिल्याच जोडणीत कळेल.

जोडणीच होत नसेल तर

एसडब्ल्यूडीचे उत्तर तीन बिटांचे असते: १ ठीक, २ थांबा, ४ फॉल्ट. यातले काहीच न येता ७ आला, तर पलीकडे ओळ कोणी चालवतच नाही. वायर तुटली आहे, डेटा-क्लॉक उलटे लागले आहेत, चिपला वीज नाही किंवा ती झोपली आहे. ० आला तर डेटाची ओळ ग्राउंडला चिकटली आहे. पॅडवरचे सोल्डर पाहा.

वायरी बरोबर असूनही ७ येत असेल तर बहुधा फर्मवेअरने पीए१३-पीए१४ साध्या पिना करून टाकल्या आहेत. कमी पिनांच्या बोर्डवर हे सर्रास केलेले असते. यावर रिसेट धरून जोडायचे: ‘रिसेट_कॉन्फिग एसआरएसटी_ओन्ली एसआरएसटी_नोगेट कनेक्ट_असर्ट_एसआरएसटी’. प्रोबची रिसेट पिन चालत नसेल, तर एक वायर रिसेट आणि ग्राउंड यांच्यात हाताने धरा, ओपनओसीडी चालू करा आणि त्याच क्षणी वायर सोडा. तीन-चार प्रयत्नांत जमते. पूयाच्या छोट्या चिपांत रिसेटची पिनसुद्धा ऑप्शन बाइटने (फ्लॅशमध्ये साठवलेल्या सेटिंगने) साधी पिन करता येते. मग वीज बंद-चालू करून तेवढ्याच क्षणात पकडावे लागते.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा: चिप आर्मची नसेलच. सीएच३२व्ही००३ ही रिस्क-फाइव्ह या वेगळ्या रचनेची चिप आहे. तिची डीबग वायर एकच असते आणि तिला डब्ल्यूसीएच-लिंकई हा प्रोब लागतो. तिच्यावर एसडब्ल्यूडीचे कितीही प्रयोग केले तरी उत्तर येणार नाही.

जोडणी होते, पण हॉल्ट केल्यावर सेकंदभरात सुटते, तेव्हा वॉचडॉग कारण असतो. गाभा थांबला तरी स्वतंत्र वॉचडॉग मोजत राहतो. एसटीएम३२एफ१०३ आणि तिच्याशी जुळणाऱ्या चिपांत ई००४२००४ वरचा बिट ८ लावला की तो हॉल्टमध्ये गोठतो. दुसऱ्या घराण्यात हा पत्ता वेगळा असतो, तिथे डेटाशीटमधला ‘डीबग’ विभागच पाहा.

आता फ्लॅश

‘जवळचे नाव’ का चालत नाही, याचा नमुना पीवाय३२एफ०३० मध्ये चांगला दिसतो. नावावरून ती एसटीएम३२एफ०३० ची बहीण वाटते. दोन्हींच्या फ्लॅश कंट्रोलरचा आधारपत्ता ४००२२००० च आहे. कुलूप उघडायच्या किल्ल्याही त्याच: ४५६७०१२३ आणि सीडीईएफ८९एबी. पण एसटीत किल्ली टाकायचे रजिस्टर ४००२२००४ वर आहे आणि पूयात ४००२२००८ वर. एसटीच्या त्याच पत्त्यावर ऑप्शन बाइटचे कुलूप असते. शिवाय एसटीएम३२एफ० एका वेळी १६ बिट लिहिते. पूयात १२८ बाइटचे पूर्ण पान लिहावे लागते: ३१ शब्द टाकायचे, मग सुरुवातीचा बिट लावायचा, मग ३२वा शब्द. त्यात आणखी, पुसण्या-लिहिण्याच्या वेळा ठरवणारी रजिस्टरे आतल्या घड्याळाच्या वेगाप्रमाणे आधी भरावी लागतात. ती चुकली तर लिहिलेले आज जुळते आणि उन्हात पेटी तापल्यावर बिट पडतात. हा दोष शेतावर गेल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो सर्वांत वाईट.

खात्रीचा मार्ग म्हणजे उत्पादकाचा सीएमसिस पॅक. पूयासाठी तो ‘पीवाय३२एफ०एक्सएक्स_डीएफपी’ नावाने मिळतो. पॅकची फाइल म्हणजे साधी झिप असते. उघडली की आत पीडीएससी फाइल दिसते. तिच्यात चिपचे नाव, मेमरीचे पत्ते, कोणता अल्गोरिदम कुठे हे सगळे लिहिलेले असते. शेजारी एफएलएम म्हणजे फ्लॅशचा अल्गोरिदम आणि एसव्हीडी म्हणजे रजिस्टरांचा नकाशा. पायओसीडी या ओपनओसीडीसारख्याच सॉफ्टवेअरला पॅक सरळ देता येतो: ‘पायओसीडी फ्लॅश -टी’ नंतर पीडीएससीतले चिपचे नाव लहान अक्षरांत, मग ‘--पॅक’ आणि फाइलीचा मार्ग, शेवटी हेक्स फाइल. इतके पुरते. प्रोब-आरएस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘टार्गेट-जेन पॅक’ने यॅमल फाइल काढावी आणि ती ‘--चिप-डिस्क्रिप्शन-पाथ’ने द्यावी. जे-लिंकसाठी ‘जेलिंकडिव्हाइसेस’ फोल्डरात एक्सएमएल फाइल ठेवून तिच्यात गाभा, कामाची रॅम, फ्लॅशचा पत्ता व आकार आणि तोच एफएलएम लिहायचा. लोडरचा प्रकार ‘फ्लॅश_अल्गो_टाइप_ओपन’ (हेही रोमन मोठ्या अक्षरांत).

पॅक मिळतच नसेल तर आधी चिपच्या रॉममधला सीरियल बूटलोडर पाहा. फ्लॅश त्याने लिहा आणि डीबगर फक्त गाभ्यासाठी ठेवा. ही जोडी दिसायला ओबडधोबड, पण रोजच्या कामाला पूर्ण पुरते. स्वतः एफएलएम लिहायचा झाला तर चार फंक्शने लागतात: इनिट, अनइनिट, इरेजसेक्टर, प्रोग्रामपेज. यशस्वी झाले की प्रत्येकाने शून्य परत करायचे. कोड रॅममध्ये कुठेही बसेल असा पत्तानिरपेक्ष हवा, इंटरप्ट बंद हवेत आणि वॉचडॉग चालू असेल तर त्याला आतूनच खायला घालायला हवे. रॅमचा हिशेब आधी करा. ४ किलोबाइटमध्ये कोड, स्टॅक आणि पानाचे बफर बसले पाहिजेत. दुहेरी बफर बसत नसेल तर एकेरीवर समाधान माना.

पहिला प्रयोग फ्लॅशच्या शेवटच्या सेक्टरवर करा. पीवाय३२एफ०३० मध्ये सेक्टर ४ किलोबाइटचा आहे. पुसा, सगळे एफएफ झाले का पाहा, शेजारचा सेक्टर जुन्या प्रतीशी जुळतो का तेही पाहा, मग १२८ बाइटचे एक पान लिहून वाचा. शेजारचा सेक्टर बदलला असेल तर आकार चुकीचा दिला आहे. हे जमले तरच पूर्ण फर्मवेअर.

जीडीबी आणि संपादक

जीडीबी (प्रोग्राम ओळीओळीने तपासायचे सॉफ्टवेअर) ३३३३ पोर्टला ‘टार्गेट एक्सटेंडेड-रिमोट’ने जोडायचा. इथे एक फसवा प्रकार आहे. ओपनओसीडीला फ्लॅश बँक माहीत नसेल तर तो जीडीबीला ‘इथे फ्लॅश आहे’ असे सांगू शकत नाही. मग ‘लोड’ दिले की जीडीबी रॅमसारखे सरळ लिहायला जातो. कधी चूक दिसते, कधी दिसतही नाही आणि जुनाच प्रोग्राम चालत राहतो. म्हणून ‘लोड’ टाळा, फ्लॅश पायओसीडीने लिहा आणि प्रत्येक वेळी ‘कंपेअर-सेक्शन्स’ने जुळवून घ्या. ब्रेकपॉइंटचीही गत तीच. जीडीबी फ्लॅशमध्ये सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लिहायला जातो आणि तो लागत नाही. ओपनओसीडीच्या फाइलीत ‘जीडीबी_ब्रेकपॉइंट_ओव्हरराइड हार्ड’ ही ओळ घातली की प्रश्न मिटतो.

व्हीएस कोड या संपादकातल्या कॉर्टेक्स-डीबग एक्स्टेन्शनमध्ये सर्व्हरचा प्रकार, वरची फाइल, ईएलएफ (कंपाइल झालेला प्रोग्राम) आणि एसव्हीडी एवढे मार्ग दिले की काम भागते. एसव्हीडी मात्र त्याच चिपची हवी. एसटीएम३२एफ०३० चा जीपीआयओए (ए गटाच्या पिनांची रजिस्टरे) ४८०००००० वर आहे, पीवाय३२एफ०३० चा ५०००००००वर. बहिणीची एसव्हीडी लावली तर खिडकीत रिलेच्या पिना कायम शून्य दिसतात आणि माणूस ट्रान्झिस्टर बदलत बसतो.

बोर्ड परत देण्यापूर्वी

डीबगरने लावलेला ‘डीबग चालू’ बिट आणि वॉचडॉग गोठवणारा बिट साध्या रिसेटने जात नाहीत. म्हणून प्रोब काढा, सप्लाय दहा सेकंद बंद ठेवा आणि मग बोर्ड प्रोबशिवाय चालवून पाहा. फर्मवेअरमध्ये सेमीहोस्टिंगचा (डीबगरमार्फत संगणकावर मजकूर दाखवणारा) प्रिंट राहिला असेल तर तो इथेच उघडा पडतो. त्यातली बीकेपीटी सूचना डीबगर असताना पार होते आणि नसताना हार्डफॉल्टमध्ये नेते. टेबलावर धावणारा बोर्ड शेतावर मुका होतो तो बहुतेक वेळा यामुळे. ते तपासून झाले, की कॉइलची वायर परत लावा आणि पेटीच्या आतल्या बाजूला चिपचा छाप, डीपी आयडी, सीपीयूआयडी आणि फर्मवेअरची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.